औषधालयातून आलेली पेये, आरोग्यधामातून आलेला नाश्ता : उगम आणि आजचे पोषणमूल्य

पिंपळपान

वेष्टनात बंद होऊन जगभर विकल्या जाणाऱ्या खाद्यपेयांपैकी कितीतरी पदार्थ मुळात औषध म्हणून, आजाऱ्याचा आहार म्हणून किंवा अन्नटंचाईवरचा उपाय म्हणून जन्माला आले. पदार्थ कशासाठी निर्माण झाला आणि आज त्याच्या बाटलीत किंवा डब्यात काय आहे, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात, एवढ्यासाठी हा धागा काढत आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. बहुतेक उदाहरणांत गुणकारी मानलेला मूळ घटक काळाच्या ओघात निघून गेला. त्याचा कडवटपणा झाकण्यासाठी किंवा त्याची जागा भरून काढण्यासाठी घातलेली साखर मात्र राहिली, आणि आरोग्याची जुनी कीर्तीही राहिली.

सर्वांत परिचित उदाहरण कोका-कोलाचे आहे. जॉन पेंबर्टन हे अमेरिकेतील अटलांटा शहरातले औषधनिर्माते होते. यादवी युद्धात झालेल्या जखमेमुळे त्यांना मॉर्फिनचे व्यसन लागले होते. त्या काळी युरोपात कोकाच्या पानांचा अर्क घातलेली द्राक्षवारुणी शक्तिवर्धक म्हणून लोकप्रिय होती, आणि तिच्याच धर्तीवर पेंबर्टन यांनी स्वतःची ‘फ्रेंच वाइन कोका’ तयार केली. पुढे अटलांटात दारूबंदी लागू होण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा त्यांना मद्याविना चालणारी कृती शोधावी लागली. १८८६ साली तयार झालेल्या नव्या पेयात वारुणीच्या जागी साखरेचा पाक आला, कोकाचा अर्क आणि कोलाच्या बियांमधले कॅफीन कायम राहिले, आणि मे महिन्यात एका औषधालयातील सोड्याच्या काउंटरवर डोकेदुखी व मानसिक थकव्यावरचा उतारा म्हणून त्याची विक्री सुरू झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस कोकाच्या पानांतून कोकेन काढून टाकण्यात आले. म्हणजे आधी मद्य गेले, मग कोकेन गेले, आणि मद्याच्या जागी आलेली साखर आजही शंभर मिलिलीटरमागे सुमारे १०.६ ग्रॅम आहे. ३३० मिलिलीटरच्या एका डब्यात ती ३५ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुक्त साखरेतून (म्हणजे वरून घातलेल्या, तसेच मध व फळांच्या रसातल्या साखरेतून) मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि शक्य झाल्यास ५ टक्क्यांहूनही कमी असावी. दिवसाला २००० किलोकॅलरी घेणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी याचा अर्थ ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम असा होतो. कडक मर्यादा पाळायची ठरवली, तर एक डबा ती एकटाच ओलांडतो.

सेव्हन-अपची कथा याहून विलक्षण आहे. १९२९ साली चार्ल्स ग्रिग यांनी ते बाजारात आणले, तेव्हा त्यात लिथियम सायट्रेट होते. लिथियमचे क्षार आजही मनोविकारांवरील उपचारांत वापरले जातात, मात्र रक्तातले त्यांचे प्रमाण वरचेवर तपासावे लागते. १९४८ साली हा घटक पेयातून वगळण्यात आला. त्यानंतर जे उरले ते लिंबाच्या स्वादाचे, साखर घातलेले कार्बनयुक्त पाणी होते.

टॉनिक वॉटरमध्ये मूळ औषध अजून शिल्लक आहे, म्हणून ते उदाहरण थोडे वेगळे आहे. त्यातले क्विनीन हे सिंकोना झाडाच्या सालीतून मिळणारे हिवतापावरचे खरेखुरे औषध. अमेरिकेतील नियमानुसार पेयात ते लिटरमागे जास्तीत जास्त ८३ मिलिग्रॅम असू शकते. हिवतापाच्या उपचारात प्रौढ रुग्णाला दिवसाला दोन ग्रॅमच्या आसपास क्विनीन द्यावे लागते. तेवढे या पेयातून मिळवायचे म्हटले, तर रोज वीस लिटरांहून अधिक पेय प्यावे लागेल. क्विनीन आता केवळ कडवटपणापुरते उरले आहे आणि तो कडवटपणा सुसह्य करणारी साखर त्याच्या सोबतीला आहे.

आता नाश्त्याकडे वळतो. मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे जॉन हार्वी केलॉग नावाचे डॉक्टर सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाशी संलग्न असलेले मोठे आरोग्यधाम चालवीत असत. रुग्णांना शाकाहारी, सौम्य आणि पचनाला हलके अन्न मिळावे, हा त्यांचा आग्रह होता. १८९४ साली शिजवून ठेवलेला गहू शिळा झाल्यावर रुळांमधून काढला असता त्याच्या अखंड लगद्याऐवजी सुट्या पापुद्र्यांसारख्या चकत्या पडल्या, आणि त्या भाजून रुग्णांना दिल्या गेल्या. पुढे हीच प्रक्रिया मक्यावर करण्यात आली. धाकटे बंधू विल कीथ केलॉग यांनी १९०६ मध्ये स्वतंत्र कंपनी काढली आणि चवीसाठी साखर घातली. डॉक्टरांचा साखरेला ठाम विरोध होता आणि भावाभावांतले वितुष्ट पुढे न्यायालयापर्यंत पोहोचले. मला या भांडणाचे महत्त्व कौटुंबिक वाटत नाही. रुग्णाचे अन्न आणि बाजारातला माल यांची वाट नेमकी कोठे फुटली, ते ठिकाण या भांडणात दिसते.

कॉर्नफ्लेक्ससाठी मक्याचा कोंडा आणि अंकुर काढून केवळ पिठूळ गाभ्याचा भरडा घेतात, त्यामुळे तंतुमय पदार्थ, स्निग्धांश आणि बरीच जीवनसत्त्वे तेथेच निघून जातात. भाजण्याच्या उष्णतेत टिकणार नाहीत अशी जीवनसत्त्वे नंतर चकत्यांवर फवारली जातात. काही ब्रँडमध्ये लोह तर अतिशय बारीक धातूच्या भुकटीच्या रूपात घातलेले असते. चुरा पाण्यात कालवून त्यातून प्रबळ चुंबक फिरवला की करड्या रंगाचे कण त्याला चिकटलेले दिसतात. हे लोह जठरातल्या आम्लात काही प्रमाणात विरघळते, म्हणून ते अगदीच निरुपयोगी नसते. साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये शंभर ग्रॅममागे साधारण ८ ग्रॅम साखर असते आणि १९५२ मध्ये आलेल्या साखरेचा मुलामा असलेल्या प्रकारात ती ३५ ग्रॅमच्या पुढे जाते. एकाच घराण्यातल्या या दोन खोक्यांना ‘नाश्त्याचे धान्य’ हे एकच नाव दिले जाते, हे मला खटकते.

ज्यांना अन्नविज्ञानाची, इतिहासाची किंवा या उद्योगाची माहिती आहे, त्यांनी कृपया भर घालावी.

सूक्ष्मदर्शी

विषय फार चांगला निवडला आहे. माल्टयुक्त दुधाच्या भुकटीचा उल्लेख राहून गेला, म्हणून त्याविषयी लिहितो, कारण तेथे मूळची गरज अत्यंत खरी होती.

एकोणिसाव्या शतकातल्या औद्योगिक शहरांत ताजे दूध ही धोकादायक वस्तू होती. शीतकरण नव्हते, पाश्चरीकरण रूढ झालेले नव्हते, दुधातून क्षयरोग पसरत असे, आणि ज्या तान्ह्या मुलांना आईचे दूध मिळत नसे त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण भयंकर होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८६० च्या दशकात बाळांसाठी माल्ट व दूध यांचे मिश्रण सुचवले. १८६७ साली स्वित्झर्लंडमधल्या व्हवे या गावी आन्री नेस्ले यांनी गव्हाच्या भाजलेल्या रोटीचे पीठ, दूध व साखर यांपासून शिशुआहार तयार केला. इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या जेम्स आणि विल्यम हॉर्लिक या बंधूंनी रसीन या गावात माल्ट व दूध एकत्र आटवून भुकटी बनवली आणि १८८३ मध्ये तिचे पेटंट मिळवले.

माल्ट कशासाठी, हे समजून घेण्यासारखे आहे. बार्लीला कोंब आणून ती वाळवली की तिच्यात पिष्टमय पदार्थांचे तुकडे करणारे विकर (एन्झाइम) तयार झालेले असते. ते पिठातल्या पिष्टाचे रूपांतर माल्टोज या साखरेत करते. तान्ह्या बाळाच्या स्वादुपिंडातून पिष्ट पचवणारे विकर पुरेसे स्रवत नाही, म्हणून अर्धेअधिक पचवून ठेवलेले पीठ त्या काळी खरोखर उपयोगाचे होते. नुसत्या पाण्यात कालवता येणारी, महिनोन्‌महिने टिकणारी ही भुकटी पुढे ध्रुवीय मोहिमांच्या शिध्यातही गेली.

पण निरोगी माणसाचे पचन आधीच चांगले चालू असते. त्याला आधी पचवून ठेवलेल्या पिठाची गरज काय? १९३० च्या दशकात ब्रिटनमधल्या जाहिरातींनी यावर उत्तर शोधले. झोपेत शरीराची उपासमार होते आणि म्हणून सकाळी थकवा जाणवतो, अशी ‘रात्रीची उपासमार’ नावाची कल्पना त्यांनी लोकांच्या मनात रुजवली. वैद्यकशास्त्रात असा कोणताही विकार नाही. गरज संपली होती, म्हणून नवी गरज निर्माण करण्यात आली.

आज अशा भुकट्यांच्या डब्यांवरचा पोषणतक्ता वाचताना ‘दुधात मिसळल्यावर’ हा रकाना स्वतंत्रपणे पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. २०० मिलिलीटर दुधात मुळातच साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दोन चमचे भुकटीसह दाखवलेल्या आकड्यांतून हे वजा केले की भुकटीची स्वतःची देणगी किती, हे कळते. पुष्कळदा ती काही जीवनसत्त्वे, थोडे लोह आणि बरीचशी साखर एवढीच असते.

उत्तररंग

वरचे दोन्ही प्रतिसाद मन लावून वाचले. माहितीबद्दल मतभेद नाही, पण ‘गुण गेला, साखर राहिली’ हे सूत्र सर्वत्र लावल्यास विक्रीच्या अन्नावर अन्याय होईल, असे मला वाटते. काही पदार्थांच्या बाबतीत प्रवास नेमका उलटा झाला.

मार्माइट हा पदार्थ पाहा. मद्यनिर्मितीतून उरलेल्या यीस्टचा अर्क आटवून तो तयार करतात आणि त्याचे उत्पादन १९०२ साली इंग्लंडमधल्या बर्टन अपॉन ट्रेंट येथे सुरू झाले, कारण तेथील मद्यनिर्मितीशाळांत टाकाऊ यीस्टचे ढीग पडत असत. हा अर्क औषध म्हणून जन्माला आला नव्हता. टाकाऊ मालाला चवदार खाद्याचे रूप देणे एवढाच हेतू होता. पुढे ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत गर्भवती गिरणी-कामगार स्त्रियांमधील एका गंभीर रक्तक्षयाचा अभ्यास करीत असताना त्यांना असे दिसले की, ज्या रुग्णांवर इतर उपाय चालत नाहीत त्यांचे रक्त यीस्टच्या या स्वस्त अर्काने सुधारते. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्कातला तो अज्ञात घटक म्हणजे आज आपण ज्याला फॉलिक ॲसिड म्हणतो, तो होता. गरोदर स्त्रियांना आज सरसकट दिल्या जाणाऱ्या गोळीच्या इतिहासात पावाला लावायच्या एका विकाऊ पदार्थाची बरणी उभी आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दुसरे उदाहरण मिठाचे. आयोडीनच्या कमतरतेमुळे गलगंड आणि मुलांची बौद्धिक वाढ खुंटणे हे विकार डोंगराळ प्रदेशांत घरोघरी दिसत असत. १९२० च्या दशकात स्वित्झर्लंड आणि अमेरिकेत मिठातून आयोडीन देण्यास सुरुवात झाली आणि गलगंडाचे प्रमाण झपाट्याने घटले. कारखान्यात तयार होऊन सर्वदूर एकाच प्रतीने पोहोचणारी वस्तू हाताशी होती, म्हणूनच हे साधले.

मार्गारिनचा प्रवास तर दोन्ही दिशांनी झालेला आहे. १८६९ मध्ये इपोलित मेज-मुरिये या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, लष्कराला आणि गरिबांना लोण्याऐवजी काही तरी स्वस्त मिळावे म्हणून तिसऱ्या नेपोलियनने लावलेल्या बक्षिसासाठी, गोवंशाच्या चरबीपासून ते बनवले. पुढे त्यात जीवनसत्त्व अ आणि ड घालण्याची पद्धत पडली आणि युद्धकालीन टंचाईत त्याचा मोठा आधार झाला. त्याच वेळी द्रव तेल घट्ट करण्यासाठी हायड्रोजनीकरण वापरले जाऊ लागले. अर्धवट हायड्रोजनीकरणातून ट्रान्स मेदाम्ले तयार होतात आणि ती हृदयाला अत्यंत घातक असतात, हे सिद्ध व्हायला अनेक दशके गेली. २००३ मध्ये डेन्मार्कने त्यांवर कायद्याने मर्यादा घातली आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती जगभरातील अन्नातून काढून टाकण्याचे आवाहन केले. एकाच डब्यात उपकार आणि अपाय दोन्ही नांदत होते.

पिंपळपान

उत्तररंग, तुमचा आक्षेप महत्त्वाचा आहे आणि उदाहरणे तर अप्रतिम आहेत. त्यांतून मला एक फरक दिसतो. आयोडीनयुक्त मीठ लोकांनी अधिक खावे, यासाठी कोणी त्याचा खप वाढवण्याचा प्रयत्न केला नाही. लोक जेवढे मीठ खात होतेच, त्यातून आयोडीन पोहोचवले गेले. साखर घातलेल्या पेयात जीवनसत्त्व घातले जाते तेव्हा हेतू वेगळा असतो. तेथे ते जीवनसत्त्व अधिक पेय पिण्याचे कारण म्हणून पुढे केले जाते. पोषक घटक घालण्याला माझा विरोध नाही, पण तो कोणत्या वाहनावर बसवला आहे, हे पाहिलेच पाहिजे.

दीर्घपल्ला

मी लांब पल्ल्याच्या धावण्याचा सराव करतो, म्हणून खेळाडूंसाठी विकल्या जाणाऱ्या पेयांबद्दल विचारतो. आमच्या गटात जुलाब झाल्यावर, तापात आणि परीक्षेच्या काळात जागरणासाठीसुद्धा हीच पेये दिली जातात. ऊर्जापेये आणि क्रीडापेये यांत लोक फरक करीत नाहीत. या दोहोंचा उगम एकच आहे का, आणि जुलाबात ती चालतात का?

सूक्ष्मदर्शी

दीर्घपल्ला, तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत उपयोगाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

क्रीडापेयाचा उगम १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात झाला. उष्ण, दमट हवेत सराव करणारे फुटबॉलपटू भरपूर घाम गाळूनही लघवीला जात नाहीत, याचे कारण शोधताना रॉबर्ट केड या मूत्रपिंडतज्ज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी, मीठ व साखर यांचे मिश्रण तयार केले आणि ते पिण्याजोगे व्हावे म्हणून त्यात लिंबाचा रस घातला. ते गेटोरेड. ऊर्जापेयांची वंशावळ पूर्णपणे निराळी आहे. जपानमध्ये १९६२ साली टॉरीन (शरीरातही असणारे एक अमिनो आम्ल) असलेले छोट्या बाटलीतले शक्तिवर्धक निघाले. थायलंडमध्ये १९७० च्या दशकात चलिओ यूविध्या यांनी तशाच धाटणीचे, मजूर आणि मालमोटारींचे चालक यांच्यात लोकप्रिय झालेले पेय काढले. आणि त्याचेच कार्बनयुक्त रूप डीट्रिख माटेशिट्झ यांनी १९८७ मध्ये ऑस्ट्रियात रेड बुल म्हणून आणले. त्याच्या २५० मिलिलीटरमध्ये ८० मिलिग्रॅम कॅफीन आणि सुमारे २७ ग्रॅम साखर असते. घामातून गेलेले क्षार भरून काढणे हा त्याचा उद्देश कधीच नव्हता. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि गर्भवतींसाठी २०० मिलिग्रॅम कॅफीन सुरक्षित मानले. मुलांसाठी शरीराच्या वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम हे प्रमाण धरले. २५ किलो वजनाच्या मुलाने असा एक डबा प्यायला, तर त्याची दिवसाची मर्यादा तेवढ्यातच पार होते.

आता जुलाबाविषयी. लहान आतड्याच्या पेशींत ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाहक प्रथिनाद्वारे जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जाते, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडले. त्यावरच जलसंजीवनी, म्हणजे जुलाबात पाजायचे क्षार-साखरेचे द्रावण (ओआरएस), उभी आहे. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ आली आणि शिरेतून देण्याचे द्रावण संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाण्यात मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा मिसळून ते रुग्णांना पाजले आणि असंख्य जीव वाचवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि ७५ मिलिमोल सोडियम असते. नेहमीच्या क्रीडापेयात लिटरमागे साखर ६० ग्रॅमच्या आसपास आणि सोडियम सुमारे २० मिलिमोल असते, म्हणजे साखर चौपटीहून अधिक आणि सोडियम जेमतेम पाव हिस्सा. जुलाबात ही जादा साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवू शकते. तेव्हा जुलाबात, विशेषतः लहान मुलांना, जलसंजीवनीचे पाकीटच द्यावे. तास-दीड तासाहून अधिक सलग धावणाऱ्याला क्रीडापेयाचा उपयोग आहे. अर्धा तास चालून आलेल्याला पाणी पुरते.

मध्यमा

आजाऱ्याच्या पेयाचे निरोग्याच्या पेयात रूपांतर कसे होते, याचे एक नमुनेदार उदाहरण द्यावेसे वाटते. ल्यूकोझेड हे ग्लुकोजयुक्त पेय १९२७ मध्ये न्यूकॅसलमधल्या विल्यम हंटर या औषधविक्रेत्याने, ज्यांना अन्न जात नाही अशा रुग्णांना ऊर्जा मिळावी म्हणून तयार केले. अनेक दशके ते आजारातून उठणाऱ्याच्या उशाशी असे. १९८३ मध्ये जाहिरातीतला दावा बदलला: आजारातून बरे होण्यास साहाय्य करणारे पेय आता खर्च झालेली ऊर्जा भरून काढणारे पेय झाले. म्हणजे ग्राहक बदलला. रुग्णाच्या तोंडची ग्लुकोजची बाटली खेळाडूच्या आणि मग कोणाच्याही हाती गेली. २०१८ मध्ये ब्रिटनने शंभर मिलिलीटरमागे ५ ग्रॅमपासून पुढे साखर असलेल्या पेयांवर कर लागू केला आणि त्याची चाहूल लागताच अनेक उत्पादकांनी आपल्या पेयांतली साखर त्या मर्यादेखाली आणली, यात हेही पेय होते. इतकी वर्षे जी साखर ‘आवश्यक’ म्हणून सांगितली जात होती, ती काही महिन्यांत निम्म्यावर येऊ शकली.

चटकन होणाऱ्या जेवणाविषयीही थोडे लिहिते. कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांना स्वयंपाकाला वेळ मिळत नाही आणि त्यामुळे कुटुंबांचे पोषण खालावते, अशी चिंता स्वित्झर्लंडमधले डॉक्टर व कारखाना-निरीक्षक फ्रिडोलिन शूलर यांना होती. त्यांच्या सूचनेवरून गिरणीमालक युलिउस मागी यांनी कडधान्यांची पिठे तयार केली आणि १८८६ मध्ये झटपट शिजणारी सूप आणली. तेथे प्रथिने देण्याचा हेतू होता आणि कडधान्यामुळे तो साधतही होता. तळून वाळवलेल्या झटपट नूडल्स हा वेगळा शोध आहे. युद्धोत्तर जपानमध्ये अन्नाची तीव्र टंचाई आणि अमेरिकेतून येणारा गहू या पार्श्वभूमीवर मोमोफुकु आंदो यांनी १९५८ मध्ये त्या बाजारात आणल्या. वाफवलेल्या शेवया गरम तेलात तळल्या की त्यांतले पाणी झरकन निघून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे राहतात. उकळते पाणी त्याच छिद्रांतून आत शिरते, म्हणून त्या काही मिनिटांत मऊ होतात. त्याच छिद्रांत तेलही साठते आणि वजनाच्या १५ ते २० टक्के स्निग्धांश तेथून येतो. पण खरी काळजी मिठाची आहे. प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि मसाल्यासह नूडल्सच्या अनेक पाकिटांत त्यातला निम्म्याहून अधिक वाटा असतो. मसाला अर्धाच घालणे आणि उरलेले सूप न पिणे, हा उपाय साधा असला तरी बराच फरक पाडतो.

चौकस

साखरविरहित पेयांविषयी कोणी लिहील का? साखर हाच जर मुख्य दोष असेल, तर ती काढून टाकलेल्या पेयाला आक्षेप कशासाठी?

सूक्ष्मदर्शी

योगायोग असा की कृत्रिम गोडव्याचा उगमही प्रयोगशाळेतच आहे. डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर काम करताना सॅकरिन १८७९ मध्ये सापडले. ॲस्पार्टेम १९६५ मध्ये जेम्स श्लॅटर यांना जठरव्रणावरील औषधाच्या संशोधनात, बोटाला लागलेली भुकटी जिभेला लागल्यामुळे गवसले. जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले तेव्हा मोठी खळबळ उडाली. पण त्याच वेळी अन्नमिश्रकांच्या तज्ज्ञ समितीने शरीराच्या वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम ही दैनंदिन मर्यादा कायम ठेवली. पहिली संस्था धोका असू शकतो का, हे सांगते. दुसरी किती प्रमाणात तो उद्भवेल, हे पाहते. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नये, अशी सशर्त शिफारस केली, कारण दीर्घकालीन अभ्यासांत त्यांचा टिकाऊ लाभ दिसला नाही.

माझे मत विचाराल, तर रोज साखरेचे पेय पिणाऱ्याने साखरविरहित पेयाकडे वळणे ही सुधारणा आहे, आणि पाणी पिणाऱ्याने त्याकडे वळण्याचे काहीच कारण नाही. दातांचा प्रश्न मात्र सुटत नाही. कोला पेयांचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) अडीचच्या जवळपास असतो आणि साडेपाचच्या खाली दातांवरच्या आवरणातली खनिजे विरघळू लागतात. हे आम्ल साखर काढल्याने कमी होत नाही.

आणखी एक गोष्ट चौकस यांच्या प्रश्नाला लागूनच आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या गटाने २० प्रौढांना रुग्णालयात ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त (कारखान्यात बरीच प्रक्रिया करून बनवलेले) अन्न आणि दोन आठवडे कमी प्रक्रियेचे अन्न दिले. पुढ्यात मांडलेल्या जेवणातली ऊर्जा, साखर, स्निग्धांश, तंतू व सोडियम दोन्ही वेळी सारखे राखले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त अन्नावर असताना लोकांनी दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक खाल्ल्या आणि त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. दुसऱ्या आहारावर ते जवळपास तेवढेच घटले. प्रयोग छोटा आणि अल्पकाळाचा होता, पण त्याची मांडणी काटेकोर होती. साखर एवढा एकच घटक मोजून पदार्थाची पारख पूर्ण होत नाही, हे त्यातून दिसते. ते अन्न मऊ असते, कमी चावावे लागते आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोहोचण्याआधीच बरेचसे खाऊन झालेले असते, हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते.

उत्तररंग

तंतुमय बिस्किटे, फळांचे रस आणि हेझलनट या कवचफळाचे पावाला लावायचे लेपन यांवरही बोलले पाहिजे, कारण त्यांची नावे ऐकूनच लोक निश्चिंत होतात. पचनाला उत्तम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ‘डायजेस्टिव्ह’ बिस्किटांचा दावा त्यातल्या खाण्याच्या सोड्याच्या गुणावर आधारलेला होता. भट्टीत तो सोडा मुख्यतः बिस्कीट फुगवण्याच्या कामी खर्च होतो. अशा बिस्किटांत शंभर ग्रॅममागे साडेतीन ग्रॅमच्या आसपास तंतू असले तरी स्निग्धांश २० ग्रॅमच्या घरात आणि साखर १५ ग्रॅमच्या पुढे असते. फळांच्या रसावर ‘साखर घातलेली नाही’ असे लिहिलेले असते आणि ते खरेही असते, पण रस काढल्याबरोबर फळातली साखर पेशींतून मोकळी होते व जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार ती मुक्त साखरच ठरते.

पिंपळपान

हेझलनटच्या लेपनाबद्दल मी लिहितो. दुसऱ्या महायुद्धानंतर कोकोची टंचाई होती, म्हणून इटलीतल्या आल्बा येथील पिएत्रो फेरेरो यांनी १९४६ मध्ये त्या भागात मुबलक पिकणाऱ्या हेझलनटची भर घालून थोड्या कोकोत भागेल अशी वडी बनवली. तिचे पुढे लेपन झाले आणि १९६४ पासून ते नुटेला नावाने विकले जाते. कोको महाग होता म्हणून हेझलनट आले. आज त्या बरणीत हेझलनट १३ टक्के आहे, साखर शंभर ग्रॅममागे सुमारे ५६ ग्रॅम आणि स्निग्धांश सुमारे ३१ ग्रॅम आहे, आणि त्या स्निग्धांशातला मोठा वाटा पामतेलाचा आहे. मुलांच्या समतोल नाश्त्याचा भाग म्हणून केलेल्या जाहिरातींवरून अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला आणि २०१२ मध्ये कंपनीने तडजोड करून ग्राहकांना भरपाई देण्याचे व जाहिराती बदलण्याचे मान्य केले.

येथे घटकपदार्थांची यादी आणि पोषणतक्ता हे दोन्ही एकत्र का वाचायचे, ते कळते. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणून साखर पहिली आणि पामतेल दुसरे हे तेथे लगेच दिसते. काही पदार्थांत मात्र साखर, ग्लुकोजचा पाक, माल्टचा अर्क आणि फळांच्या रसाचे सत्त्व अशी वेगवेगळी नावे देऊन गोडवा चार ठिकाणी विभागलेला असतो, त्यामुळे धान्य यादीत वर राहते. अशा वेळी तक्त्यातला एकूण साखरेचा आकडा उपयोगी पडतो. तो आकडा ‘एका वाढणी’चा वाचू नये, शंभर ग्रॅमचा वाचावा. नुटेलाची वाढणी १५ ग्रॅमची मानली जाते आणि त्यात साधारण साडेआठ ग्रॅम साखर येते. कॉर्नफ्लेक्सची वाढणी ३० ग्रॅमची लिहिलेली असते. प्रत्यक्षात आपण वाडग्यात किती ओततो, ते एकदा वजनकाट्यावर ठेवून पाहावे आणि तो आकडा येथे कळवावा. वेगवेगळ्या वयाच्या सदस्यांचे आकडे आले, तर वेष्टनावरची वाढणी आणि प्रत्यक्ष वाढणी यांची तुलना याच धाग्यावर मांडता येईल.